बाळंतपणापलीकडची स्त्री

सास्तूर हे नाव उर्वरित महाराष्ट्राच्या कानी पडले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून थकून निजलेल्या माणसांच्या अंगावर दगडमातीची, माळवदाची घरे काही क्षणांत कोसळली; लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे जुन्या गावठाणांतून उठवून नव्या जागी वसवावी लागली, आणि त्या यादीत लोहाऱ्याजवळचे सास्तूरही होते. त्या आघातानंतर मदतीचा जो ओघ या मुलखाकडे वळला, त्यातून रस्ते आले, शाळा आल्या, सिमेंटची घरे आली. सास्तूरला ‘स्पर्श’ या नावाने ओळखले जाणारे ग्रामीण रुग्णालय आले, शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने चालणारे, आणि आसपासच्या गावांतील गरोदर बाया विश्वासाने ज्याची पायरी चढतात असे. ग्रामीण स्त्रीच्या प्रजनन-आरोग्याविषयी लिहिताना मी सास्तूरचा परिसर मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवतो, तो याच कारणाने. जेथे काहीच नाही, तेथे अडथळा कोणता हे सांगण्यासाठी लेखाची गरज नसते; परंतु जेथे इमारत आहे, डॉक्टर आहे, रुग्णवाहिका आहे आणि गावोगाव आशाताई आहे, अशा मुलखातही स्त्रीच्या आयुष्यातील कितीतरी दुखणी उपचारावाचून का राहतात, हा प्रश्न अधिक गंभीर आणि अधिक विचारणीय आहे.

प्रथम जे साधले आहे त्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण ते थोडे नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेताना प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला, आणि त्यापूर्वी चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल त्यांनी दहा दिवसांत गमावले होते. त्या काळी प्रसूती म्हणजे मृत्यूच्या दारातून परत येणे होते, आणि खेड्यापाड्यांत ही स्थिती पुढे कित्येक दशके पालटली नाही. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील शंभरातील जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि २०१८ ते २०२० या कालखंडात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते, जेव्हा देशाचे प्रमाण ९७ होते. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, औषधे, आहार आणि ने-आण यांचा खर्च सरकारी रुग्णालयांपुरता माफ केला. १०२ क्रमांकाची गाडी घरापासून दवाखान्यापर्यंत आणि तेथून परत पोचवू लागली. रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या बाईबरोबर गाडीत बसून जाणारी आशाताई आणि उपकेंद्रावरची सिस्टर यांच्या श्रमांवर हे आकडे उभे आहेत, ही गोष्ट विसरून कोणतीही टीका करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु ही सारी वास्तू एकाच घटनेभोवती बांधलेली आहे. बाईला दिवस गेले की तिचे नाव नोंदवहीत चढते. तिचे वजन होते, रक्त तपासले जाते, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, लोहाच्या गोळ्या घरपोच येतात, आणि तिचा पत्ता, नवऱ्याचे नाव, बँकेचे खाते अशा सर्व बाबी सरकारी दप्तरात रुजू होतात. मूल जन्मले, त्याच्या लसी पूर्ण झाल्या, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाळंतपणानंतर तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले की ते पान मिटते. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे ती पाळीच्या वेदनांनी, रक्तस्रावाने, अंगावरून पांढरे जाण्याने, अंग बाहेर येण्याने कितीही पिडली, तरी तिची चौकशी करणारा एकही रकाना त्या वहीत नाही. आणि लग्नापूर्वीच्या मुलीसाठी तर वहीच नाही, असे म्हणण्याइतकी तिची व्यवस्था तोकडी आहे. शासनाच्या आणि समाजाच्याही दृष्टीने ग्रामीण स्त्री ही गर्भाची वाहक असेपर्यंतच आरोग्यसेवेची हक्कदार ठरते. माझ्या मते बाकीचे सर्व अडथळे याच एका दृष्टिकोनाच्या पोटी जन्मलेले आहेत.

हा अडथळा प्रत्यक्षात कसा वागतो ते कोणत्याही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळी दहा वाजता बाकावर बसून पाहावे. चाळिशीची एक बाई सासूबरोबर आलेली असते. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग असते, त्या रांगेत गावचेच दोन पुरुष असतात, आणि खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो, ‘काय होतंय?’ बाई एकवार सासूकडे पाहते, पदर सावरते आणि म्हणते, ‘कंबर दुखतीया.’ केसपेपरवर तेच लिहिले जाते, आतल्या डॉक्टरांसमोर तेच जाते, आणि शंभर रोगी तपासायचे असलेल्या त्या तरुण पुरुष डॉक्टरांनाही पडद्याआड नेऊन अधिक काही विचारण्याइतकी सवड नसते. शिवाय त्या वेळी सोबत उभी राहणारी सिस्टर लसीकरणाच्या सत्राला गेलेली असते. बाई वेदनाशामक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परतते. घरी जाताना सासू म्हणते, ‘आता बरं वाटंल बग,’ आणि सून ‘हां, आत्याबाई’ म्हणून गप्प राहते. तीन महिने अंगावरून चाललेला स्राव कोणीच विचारलेला नसतो, म्हणून तिने तो सांगितलेलाही नसतो. या प्रसंगात कोणी दुष्ट नाही, कोणी कामचुकारही नाही. सासू आपली मजुरी बुडवून सोबत आलेली आहे. तरीही एक आजार दवाखान्याच्या आत येऊन, तेथे तासभर बसून, न ओळखता बाहेर गेला.

अशी न ओळखलेली दुखणी किती असावीत, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीतून जगाला मिळाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता; एकेकीला सरासरी तीनहून अधिक व्याधी होत्या; आणि पूर्वी कधीतरी डॉक्टरकडून स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात केवळ आठ. त्या काळी जगभरचे तज्ज्ञ गरीब देशांतील स्त्रीच्या आरोग्याची चर्चा लोकसंख्या आणि बाळंतपण या दोनच शब्दांत करीत असत. या एका अभ्यासाने त्या चर्चेची मर्यादा उघडी पाडली. पुढे १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत ‘प्रजनन-आरोग्य’ ही संकल्पना जगातील राष्ट्रांनी स्वीकारली, तेव्हा तिच्यामागे अशा अभ्यासांचे बळ होते. संकल्पना कागदावर रुजू झाली. केसपेपरच्या खिडकीपर्यंत मात्र ती अद्याप पोचलेली नाही.

‘बायका लाजतात, त्या येतच नाहीत, आम्ही काय करणार?’ हे उत्तर आरोग्य खात्याच्या बैठकांतून वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि शिकलेली माणसेही ते प्रमाण मानतात. हे उत्तर खोटे आहे याचा पुरावा धाराशिव जिल्ह्याने स्वतः दिलेला आहे, आणि तो इतका भक्कम आहे की त्याविषयी या जिल्ह्यातच इतके अज्ञान असावे याचे मला मनापासून दुःख होते.

१९९९ च्या ऑक्टोबरात या जिल्ह्यात एक मोठे संशोधन सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते चालविले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा खेड्यातील स्त्रीचा मोठा वैरी. तो हळूहळू, दहा-दहा वर्षे घेत वाढतो, आणि म्हणूनच वेळीच तपासणी झाली तर टाळता येण्याजोगा असतो. तपासणीची कोणती पद्धत खरोखर प्राण वाचवते, हे ठरविण्यासाठी जिल्ह्याचे बावन्न विभाग पाडून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच चाचणी केली गेली. दुसऱ्या गटात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून प्रशिक्षित सेविकांनी डोळ्यांनी पाहणी केली. चौथ्या गटाची तपासणी केली गेली नाही, त्या स्त्रियांना नेहमीची आरोग्यव्यवस्था होती तीच राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ जणींच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, आणि तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. एकाच चाचणीने मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आणले होते, आणि इतर दोन पद्धतींना तसे यश मिळाले नव्हते.

या संशोधनाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मृत्यूंच्या आकड्यांत नाही. ज्या तीन गटांना तपासणीसाठी बोलावले गेले, त्यांतील दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ चार जणी आल्या. परंड्याची, तुळजापूरची, उमरग्याची, सोयाबीन आणि तुरीच्या शेतात राबणारी, बहुतांशी न शिकलेली ही बाई, जिला आपण लाजाळू म्हणून मोडीत काढतो, ती तिच्यापाशी कोणी येऊन, समजावून, गावाजवळच सोय करून, बाईच तपासणार आहे असे सांगून बोलावल्यावर आली. तिला कोणी गर्भवती म्हणून बोलावले नव्हते, ऑपरेशनच्या उद्दिष्टासाठी तर मुळीच नाही. तिच्या स्वतःच्या जिवासाठी बोलावले होते, आणि तेवढे तिला पुरले.

त्या चौथ्या गटाविषयी पुढे नीतीचे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणे योग्यच होते, कारण त्या चौसष्ट मृत्यूंतील काही टळू शकले असते. पण प्रश्न तेथेच संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी हीच विषाणूची चाचणी प्रथम पसंतीची म्हणून सुचविली, आणि त्या शिफारशीच्या पायात या जिल्ह्यातील स्त्रियांचा वाटा आहे. इकडे राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या शंभरात दोनहून कमी. ज्यांच्या देहांनी जगाला हे ज्ञान दिले, त्यांच्या लेकीसुनांना ते ज्ञान उपचाराच्या रूपाने परत मिळू नये, हा अन्याय आहे, आणि त्याला दुसरा सौम्य शब्द मला सुचत नाही. ज्या मुलखाला भूकंपानंतर जगाने दिले, त्या मुलखाने जगाला काय दिले याची नोंद कुठल्या तरी शाळेच्या पुस्तकात, निदान जिल्हा परिषदेच्या भिंतीवर तरी असायला हवी होती.

संततिनियमनाची कथा याहून जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, तेव्हा त्यांनी खटले सोसले, नोकरी गमावली, पण मूल केव्हा व्हावे, किंवा होऊच नये, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीच्या सुखाशी आणि स्वातंत्र्याशी निगडित आहे हा आग्रह सोडला नाही. स्वतंत्र भारताने त्यांची साधने घेतली आणि त्यांचा आग्रह मागे ठेवला. आणीबाणीच्या १९७६-७७ या वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्या जबरदस्तीचा संताप निवडणुकीत उसळल्यावर राज्यकर्त्यांनी पुरुषाच्या वाटेला जाणे कायमचे सोडले आणि सारा भार स्त्रीवर टाकला. परिणाम असा की आज महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचे ऑपरेशन झालेले आहे आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आधार असलेल्या जोडप्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि थोड्या वेळाची असते हे सर्व डॉक्टर सांगतात. परंतु ‘मला ओझी उचलायची आहेत’ असे म्हणून तो बाजूला होतो, आणि त्याच घरातली बाई टाके पुरते वाळण्याआधी डोक्यावर कडब्याची पेंढी घेते.

विशी-बाविशीत मुले होऊन ऑपरेशनही उरकलेले असणे, हे या भागात इतके स्वाभाविक मानले जाते की त्यात काही निवड होती का, असे कोणी विचारत नाही. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आहे, आणि मराठवाड्याचे जिल्हे या बाबतीत राज्याच्या सरासरीहून वाईट आहेत. १९९३ च्या त्या पहाटे ज्यांची मुले गेली, त्यांत ऑपरेशन झालेल्या आयाही होत्या. पुनर्वसनाच्या आराखड्यात घराचे चौरस फूट मोजले गेले, पण एकाच रात्रीत निपुत्रिक झालेल्या आणि पुन्हा आई होण्याची वाट बंद असलेल्या त्या तरुण स्त्रियांचे दुःख कोणत्या मापाने मोजावे, याची भाषा ना समाजापाशी होती ना सरकारपाशी.

तात्पुरती साधने आता उपलब्ध आहेत हे खरे. तांबी आहे, २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि ‘छाया’ या गोळ्या मोफत मिळू लागल्या आहेत. ज्या घरात नवरा किंवा सासू आडकाठी करते, तेथे इंजेक्शनासारखे साधन बाईच्या दृष्टीने किती मोलाचे असते हे कोणतीही आशाताई सांगेल. पण साधन देणाऱ्याने घेणारीच्या वर्षाचा क्रम पाहिलेला नाही. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून ट्रकमध्ये चढतात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. गावात श्रावणात घेतलेल्या इंजेक्शनाची पुढची तारीख उसाच्या फडात येते. तेथील सिस्टरच्या यादीत ही बाई नसते, कारण ती त्या गावची नव्हे; इथल्या सिस्टरच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ या शेऱ्याखाली असते; आणि समजा तिला दवाखाना सापडला, तरी तिथे जायचे तर एक दिवसाचा खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. अशा रीतीने चांगले औषध, मोफत औषध आणि ते हवे असलेली बाई ही तिन्ही असून त्यांची गाठ पडत नाही.

याच फडांतून याहून भयंकर गोष्ट उघडकीस आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली गदारोळ झाला तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जे सर्वेक्षण आले, त्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. पाळीच्या दिवसांत उसाच्या मोळ्या उचलाव्या लागतात, स्नानगृह नाही, संडास नाही, रजा घेतली तर खाडा. अंगावरून पांढरे जाते म्हणून खाजगी दवाखान्यात गेले की कर्करोगाचे भय घातले जाते आणि हजारो रुपयांचे कर्ज काढून पिशवी काढली जाते. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम करण्यात आला आणि तो आवश्यकही होता. परंतु मूळ कारणाला त्याने हात लागत नाही. ज्या साध्या संसर्गावर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात, तो सरकारी दवाखान्यात कंबरदुखी म्हणून परत पाठविला जातो, आणि ज्या कर्करोगाची भीती दाखविली जाते त्याची खरी चाचणी तेथे होत नाही. त्या दोन उणिवांच्या मधल्या जागेत पिशव्या काढण्याचा व्यापार फोफावतो. चाचणी हाताशी असती, तर भय घालणाऱ्याचे भांडवलच संपले असते.

गर्भपाताविषयी थोडक्यातच सांगतो, कारण कायदा स्पष्ट आहे आणि अंमल अस्पष्ट. १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि विशिष्ट परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात वैध आहे. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीचाही हक्क मान्य केला. पण परळीचे गर्भलिंगनिदानाचे प्रकरण २०१२ साली बाहेर आल्यानंतर राज्यात जी मोहीम चालली, तिच्यात मुलींच्या हत्येविरुद्धचा कायदा आणि स्त्रीच्या हक्काचा कायदा यांची सरमिसळ झाली. तपासण्यांच्या धास्तीने औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले, डॉक्टर नवऱ्याची सही मागू लागले, आणि लोकांच्या मनात गर्भपात म्हणजे गुन्हा हे समीकरण पक्के झाले. मुलगी नको म्हणून होणारा गर्भपात पाप आहेच; पण तिसऱ्यांदा दिवस गेलेली, अंगात रक्त नसलेली बाई त्या पापाच्या संशयाखाली दवाखान्याच्या दारातून परतवली जाते आणि कुठल्याशा चोरट्या हाताखाली जाते, तेव्हा त्या कायद्याचा हेतू साधला असे कोणी म्हणू नये.

पैशाच्या आणि प्रवासाच्या अडचणी मी शेवटी सांगतो आहे, त्या लहान आहेत म्हणून नव्हे. सास्तूरच्या आसपासच्या एखाद्या लहान गावातून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे लोहारा, उमरगा किंवा लातूर; सोनोग्राफी, रक्ततपासणी, औषधे आणि परतीची एसटी चुकली तर नातेवाइकाकडे मुक्काम. बाळंतिणीसाठी गाडी घरी येते; रक्तस्रावाने पांढरी पडलेल्या पंचेचाळिशीच्या बाईला स्वतःच्या तिकिटाचे पैसे मागून घ्यावे लागतात, आणि मागताना कारण सांगावे लागते. ते कारण ज्या घरात बोलता येत नाही, त्या घरात पैसेही मिळत नाहीत. राज्यातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक, नेमके सांगायचे तर शंभरातील चौपन्न स्त्रिया रक्तक्षयी आहेत; हे रक्त महिनोन्महिने, वर्षानुवर्षे, विनातक्रार वाहून गेलेले आहे. भूकंपानंतरच्या नव्या गावांची आखणी रुंद रस्त्यांची आणि दूरदूरच्या घरांची झाली; सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्य, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या वस्तीत जाऊबाई, शेजारीण, सुईण यांच्यापाशी बोळाबोळांतून जे बोलणे होत असे, त्याला नव्या गावात तितकी जागा उरली नाही.

तरीही या मुलखातील स्त्रियांना कोणी वाचविण्याची वाट पाहत बसलेल्या समजू नये. भूकंपानंतरच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने शेकडो गावांतील महिला मंडळांना शासन आणि गावकरी यांच्यामधील संवाद साहाय्यकाचे काम दिले, तेव्हा उंबरठ्याबाहेर न पडलेल्या बायांनी अभियंत्यांना सिमेंटचे प्रमाण विचारले आणि अनुदानाचे हिशेब तपासले. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने गावातल्याच बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, आणि त्यांनी प्रथमोपचारापासून बाळंतपणापर्यंत गावाची काळजी वाहिली. घराच्या भिंतीचा हिशेब मागणारी बाई दवाखान्याचा हिशेब मागू शकते. रुग्णकल्याण समितीत तिला नावापुरते नव्हे, मत असलेल्या सभासदाचे स्थान द्यावे, आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग तिच्या डोळ्यांनी पाहिली जावी.

म्हणून माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. मोठ्या योजनांना नावे मिळतात आणि माणसे मिळत नाहीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारनंतर, केवळ स्त्रियांसाठी आणि मुख्यतः गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग भरावा, कारण बाजाराला येण्यासाठी बाईला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि कारण सांगावे लागत नाही. केसपेपरच्या खिडकीत त्या दिवशी बाई बसावी आणि तिने तक्रार विचारू नये. ती आत, पडद्याआड, सिस्टरने विचारावी. ‘अंतरा’चे कार्ड राज्यातील कोणत्याही उपकेंद्रात चालावे, आणि हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर ते देण्याची जबाबदारी त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यावर लेखी टाकावी. आशाताईला गरोदर बाईच्या नोंदीबद्दल जसा मोबदला मिळतो, तसाच तीस वर्षांवरील स्त्रीला तपासणीला आणल्याबद्दल मिळावा. आणि ज्या विषाणूच्या चाचणीची उपयुक्तता याच जिल्ह्यात सिद्ध झाली, जिचा नमुना आता स्त्रीला स्वतःच घेता येतो आणि जिच्यासाठी पुरुष डॉक्टरसमोर झोपावे लागत नाही, ती तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला मोफत मिळावी. तिचा खर्च धाराशिवच्या जिल्हा नियोजन समितीने येत्या वार्षिक आराखड्यात धरावा, नमुने तपासण्याची व्यवस्था बार्शीच्या रुग्णालयाशी बोलून करावी, आणि पहिला तालुका म्हणून लोहारा घ्यावा.